शिबिराच्या आधीचा गुरुवार

आक्का, काल मी मेथीची पेंडी सांगितल्या भावाने घेतली.

कपिलतीर्थ मंडईत, आपल्या नेहमीच्या बाईकडे. तिने भाव सांगितला, मी पैसे पुढे केले, तर ती ते घेईचना. "काय गं, बरं वाटंना व्हय तुला?" म्हणाली. "जरा मागून तर बघ. आणि आक्का कुठं हाय? पोरीकडनं एवढं घेतलं म्हणून कळलं तर मंडई डोक्यावर घील की माझी." मला तिला सांगायचं होतं. पण मी पैसे तिच्या पोत्यावर ठेवले, पेंडी पिशवीत कोंबली आणि चालू लागले. ती मागून ओरडत राहिली, "अगं, उरल्यालं तरी घे!" मी वळले नाही.

दोन आठवडे झाले, मी अशीच घाबरते आहे. दार वाजलं तरी, फोन वाजला तरी. कुणी माझ्याशी प्रेमाने बोललं की सगळ्यात जास्त.

मला असं लिहायची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहिते, पण निबंधात समोर कुणी बसलेलं नसतं. इथे तू समोर आहेस असं धरून लिहिते आहे. तू मध्येच म्हणशील, "आटप की, किती घोळ घालतीस," अशी भीती वाटते. आणि म्हणणार नाहीस याची त्याहून जास्त.

आज दुपारी मी संजूदादाला त्या गुरुवारचं सगळं सांगितलं. तुझा मुलगा काय म्हणाला ते एकदम लिहायचा धीर मला नाही. आधीचं लिहिते, म्हणजे हळूहळू तिथवर पोचेन.

दीड वर्षापूर्वी मी वडिलांबरोबर चंदगडहून एस.टी.ने या शहरात आले, हातात तांदळाचं पोतं आणि बारावीची गुणपत्रिका घेऊन. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. मंगळवार पेठेत 'वरची खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली आणि तू दारात आलीस. वडिलांनी भाडं विचारलं, तू सांगितलंस, ते लगेच "बरं" म्हणाले. तू कमरेवर हात ठेवलेस.

"पावणं, असं लगेच बरं म्हणायचं नसतंय. जरा कमी करा म्हणा की."

"बरं, कमी करा."

"किती करू?"

वडील गडबडले. "तुम्हीच सांगा."

तू एवढी हसलीस की पदर तोंडाला लावावा लागला. मग स्वतःचं भाडं स्वतःच कमी केलंस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "बापाला येत न्हाय. लेकीला तरी शिकवायला पायजे." त्या दिवसापासून माझं नाव सुवर्णा राहिलं नाही. तू मला चंदगडी म्हणायला लागलीस. मी तुम्हाला, तुमचं असं बोलायची, तर एकदा म्हणालीस, "तुमी म्हणू नको गं, माझाच भाव वाढल्यागत वाटतंय." तरी 'तू' म्हणायला मला दोन महिने लागले.

किती शिकवलंस, आक्का. पंखा थंडीत घ्यायचा, स्वेटर उन्हाळ्यात, वह्या परीक्षा संपल्यावर. जे हवं आहे त्याला आधी हात लावायचा नाही, शेजारच्या दोन वस्तूंचा भाव विचारायचा, तोंड वाकडं करायचं, आणि जाता जाता, "बरं, हे कसं दिलं?" पोचा आलेला कुकर तू लक्ष्मीपुरीतून जवळजवळ फुकटात आणलास. मी म्हटलं, "आक्का, पोचा आहे गं." तू म्हणालीस, "पोचा भायर हाय. भात आत शिजतोय."

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी तू माझ्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन बसलीस. पुढच्या वर्गातल्या मुली बाहेर पडत होत्या आणि तू एकेकीला थांबवत होतीस. "संपली न्हवं पुस्तकं? रद्दीवाला किलोवर घेतोय, मी पुस्तकावर देतो. बोल." मी भिंतीला चिकटून उभी होते. पण जूनमध्ये माझ्याकडे सगळी पुस्तकं होती, आणि वर्गातल्या निम्म्या मुली दुकानापुढे रांगेत होत्या.

तुला कुणी चिकट म्हटलं की मला राग यायचा. चिकट माणूस चहाची पावडर महाग घेईल का? "चहा हलका प्यायचा न्हाय, दिवस हलका जातोय," म्हणायचीस. दर शुक्रवारी गजरा घ्यायचीस, तुला एक आणि मला एक. फेब्रुवारीत घडातून गळलेली सुटी द्राक्षं पाटीच्या पाटी आणलीस. मी जन्मात पहिल्यांदा पोट भरेपर्यंत द्राक्षं खाल्ली. कटपिसातून तू मला शिवलेले दोन ड्रेस कॉलेजात कुणालाही घरचे वाटले नाहीत. आणि रस्त्याकडेला बुट्टी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बायकांशी तू कधीच घासाघीस केली नाहीस. त्या सांगतील ते द्यायचीस. मी कारण विचारलं, तर म्हणालीस, "दुकानाशी भांडायचं. बुट्टीशी काय भांडायचं? तिला सांजच्याला ती डोक्यावरनं परत न्ह्यायची असती."

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही. राजारामपुरीत तू चादरीसाठी दुकानदाराशी मोठमोठ्याने भांडत होतीस. "ह्या चादरीला सोन्याची किनार हाय काय?" असं. तेवढ्यात माझ्या वर्गातल्या दोघी समोरून आल्या. मी तुझ्यापासून चार पावलं सरकले आणि शेजारच्या दुकानातल्या चपला बघायला लागले. जणू मी एकटीच आले होते. त्या गेल्या. तू चादर घेतलीस, हव्या त्या भावाने. घरी आल्यावर चादर माझ्याच कॉटवर घातलीस आणि म्हणालीस, "वळख दाखवायला पैसं पडत न्हाईत गं, चंदगडी." एवढंच. मला तेव्हाच माफी मागायची होती. उद्या मागू, असं ठरवलं आणि मग ते राहूनच गेलं.

आता शिबिराच्या त्या कागदाचं.

त्या सोमवारी कॉलेजातून येताना कोपऱ्यावर एकाने हातात कागद दिला. येत्या रविवारी गल्लीच्या मंडळातर्फे मोफत आरोग्य तपासणी: रक्त, साखर, ईसीजी, तज्ज्ञ डॉक्टर. मी तो कागद जपून घडी घालून आणला. तू आठ-दहा दिवस म्हणत होतीस की जिना चढला की धाप लागते. मला केवढा आनंद झाला होता, आक्का! एवढी मोठी गोष्ट फुकटात, आणि ती मी शोधली, तू नाही. तू कागद दिव्याखाली धरून वाचलास. म्हणालीस, "तयार झालीस की गं आता." तुझ्या तोंडून असं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याच संध्याकाळी मी मंडळात जाऊन तुझं नाव लिहून आले. सोळावा नंबर.

मंगळवारी दुपारी तू ओट्याला धरून उभी राहिलीस. कपाळावर घाम होता, जानेवारीत. डाव्या खांद्यापासून जबड्यापर्यंत काहीतरी ओढल्यासारखं होतंय म्हणालीस.

"आक्का, चल. आत्ता दवाखान्यात जाऊ."

"पित्त हाय गं. ववा दे चिमूटभर."

"पित्त खांद्यात असतं का?"

"लई शिकलीस व्हय? रविवारी जातो की मी. तीच मशीन, तीच पट्टी. आज गेलं की पैसं मोजून, रविवारी गेलं की फुकट. चार दिसांनी काय बिघडतंय?"

बुधवारी पुन्हा म्हटलं. तू चिडलीस. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही. इथे खरं लिहायला हवं. मी गप्प बसले ते फक्त तुझ्या धाकाने नाही. मलाही ते पटलं होतं. चार दिवस थांबलं की फुकट मिळणारी गोष्ट आज विकत का घ्यायची, हे दीड वर्षात माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की तुझ्या कपाळावरचा घाम बघूनही मी मनात रविवारपर्यंतचे दिवसच मोजले.

गुरुवारी संध्याकाळी संजूदादाचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. तू समोर मटार सोलत बसली होतीस.

"सुवर्णा, काल आईचा आवाज कसातरीच वाटला. दम लागल्यागत. बरी हाय न्हवं ती?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू डोळे मोठे केलेस आणि बोट हलवलंस, असं, ओठांसमोर नाही, हवेत. दुसरा हात छातीवर होता.

मी म्हटलं, "बरी आहे दादा. काल माझ्या खोलीपर्यंत जिना चढून आली होती, म्हणून."

"मग बरं. तू हाईस म्हणून घोर न्हाय बघ."

फोन ठेवल्यावर तू म्हणालीस, "शाब्बास. उगंच रजा टाकून पळत आला असता. दुकानाचा मालक लई कडू हाय त्याचा." आणि सोललेले मटार मूठभर माझ्या हातावर ठेवलेस. मी खाल्ले. गोड होते.

शनिवारी सकाळी मी खाली आले तेव्हा तू नळाजवळ बसली होतीस. भांडी अर्धी घासलेली. "आक्का" म्हटलं तर तू बघितलंस, पण ते माझ्याकडे बघणं नव्हतं. मी ओरडत गल्लीत गेले. शेजारच्या काकू आल्या, कुणीतरी रिक्षा थांबवली. दोघांनी तुला उचललं. आणि आक्का, तेव्हा मी, रिक्षात चढता चढता, त्या रिक्षावाल्याला विचारलं, "किती घेणार?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बस आदी," म्हणाला.

मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. संजूदादालाही नाही. ते शब्द मी ठरवून बोलले नव्हते, तोंडातून आपोआप आले. तेव्हापासून मला माझ्याच तोंडाची भीती वाटते. कुणाच्या जिवावर बेतलं तरी ते आधी भाव विचारेल की काय? तू मांडीवर होतीस. तुझ्या केसांना शुक्रवारच्या गजऱ्याचा वास होता. दवाखान्यात डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, "कधीपासून दुखत होतं?" मी म्हटलं, "माहीत नाही."

रविवारी शिबिर झालं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. संजूदादा भिंतीला टेकून बसला होता. गल्लीच्या टोकाचा माईक सगळ्यांना ऐकू येत होता. एकेक नाव पुकारत होते. मी मनात आकडे म्हणत होते. बारा. तेरा. मला वाटलं उठून धावत जावं आणि वायर ओढून काढावी, पण मी पुढचा आकडा म्हणत राहिले. सोळा आला. तुझं पूर्ण नाव आलं. उत्तर मिळेना म्हणून दुसऱ्यांदा आलं.

दादाने मान वर केली. "आईचं नाव घेतलं काय गं?"

मी म्हटलं, "दुसरी कुणीतरी असेल, दादा."

दुसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाहून परतल्यावर सगळ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला, "ही पोरगी हुती म्हणून आई एकटी न्हवती. हिचं शिक्षण हुईस्तवर वरची खोली हिचीच. कुणी काय बोलायचं न्हाय." बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. एकीने मला जवळ घेतलं. कप गोळा करायच्या निमित्ताने मी तिथून उठले.

आक्का, मला ती खोली हवी आहे. खोटं कशाला बोलू? ती गेली तर मला परत चंदगडला जावं लागेल, आणि तिथून रोज कॉलेजला येता येत नाही. घरून दुसरी खोली परवडणार नाही. म्हणजे गप्प बसलं की खोली आणि कॉलेज, दोन्ही राहणार होतं. दादाला कधीच कळलं नसतं. दोन आठवडे मी तेच करत होते. उत्तरकार्याचं सामानसुद्धा मीच आणलं, "तिला भाव ठाऊक हाईत" म्हणून मलाच पाठवलं. भांड्याच्या दुकानदाराने तुझ्यासाठी आपणहून भाव कमी केला आणि डोळे पुसले. मी तिथंच पायरीवर बसले. मला वाटत होतं, हे सगळे माझ्याशी असं वागतात ते मी त्यांना फसवलं म्हणून.

आज दुपारी दादा निघाला होता. बाकीचे कालच गेले. पिशवी भरून झाली, चपला घातल्या आणि त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "दादा, किल्ली नको देऊस. आधी ऐक."

मी सगळं सांगितलं. शिबिराचा कागद, मंगळवार, ओवा, बुधवार, गुरुवार. माईकवरचं नाव तुझंच होतं, हेही. सांगताना मी त्याच्या चपलांकडे बघत होते. त्या हलल्या नाहीत. मग तो उंबऱ्यावर बसला.

"परत सांग," म्हणाला.

"काय?"

"गुरवारचं. आई काय करत हुती?"

"मटार सोलत होती."

"आणि मी बरी हाय न्हवं इचारलं तवा?"

"बोट हलवलं."

"कसं?"

मी करून दाखवलं. डोळे मोठे करून. त्याने एकदम तोंडावर हात ठेवला. मला वाटलं तो ओरडणार. तो हसला, आणि हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले. "मी ल्हान असताना पावणं आलं की अशीच गप करायची," म्हणाला. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला.

"मला ठाऊक हुतं गं," तो म्हणाला. "आवाजावरनंच कळलंतं. आईलाच परत फोन लावला असता तर रजा टाकून यायला लागलं असतं. म्हणून तुला लावला. तू बरी हाय म्हणणार, हे धरूनच लावला."

मला वाटलं होतं तो मला मारेल, नाहीतर माफ करेल. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही. मी विचारलं, "दादा, मी खोली सोडू का?"

"आत्ता मला त्ये इचारू नको. तुझ्याकडं बघितलं की त्यो फोनच आठवतोय. म्हैनाभर जाऊ दे." किल्ली त्याने खिडकीत ठेवली आणि गेला. मला दिली असंही नाही, आणि नेली असंही नाही.

म्हणजे अजून एक महिना मला माहीत नाही. परीक्षेचा अर्ज भरायचा आहे आणि भरू की नको हेही माहीत नाही. खाली तुझ्या खोलीत जायला मला भीती वाटते. पण गेल्या दोन आठवड्यांतली जी होती, ती ही भीती नाही. ती लपवायची होती. ही कुणालाही दाखवता येईल. उद्या मंडईत जाऊन त्या बाईला तू गेल्याचं सांगणार आहे. ती रडेल, आणि मला तिथं उभं राहावं लागेल. राजारामपुरीतल्यासारखी मी सरकणार नाही.

मला तुझा रागही येतो, आक्का. बुट्टीवाल्यांशी भांडू नये एवढं तुला कळत होतं. मग स्वतःच्याच जिवाशी कसली घासाघीस केलीस? आणि राग आला की लगेच लाज वाटते, कारण माझ्या अंगावरचा ड्रेस तू शिवलेला आहे, आणि आज सकाळी मी प्यायले तो चहा तूच डब्यात भरून ठेवलेला होता. दीड वर्ष तू मला या शहरात थोडक्या पैशांत आणि नीट जगवलंस. वडील आजही म्हणतात, त्या बाईंनी आमची पोरगी उभी केली. खरं आहे ते.

दादा गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि त्या गुरुवारी काय म्हणायला हवं होतं ते एकटीच मोठ्याने म्हणून बघितलं. तुलाही ऐकवते. डोळे कितीही मोठे केलेस, बोट कितीही हलवलंस, तरी आता मी थांबणार नाही:

"दादा, आक्का बरी नाही. ती नको म्हणते आहे. तू आत्ताच्या आत्ता ये."